व्यायाम तिचा, माप त्याचं



मागच्या महिन्यात एका वस्तीतल्या गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला. चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई म्हणाली, "अंगात त्राणच राहत नाही. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात." शेजारी कबड्डी खेळणारी तिची मुलगी बसली होती. तीही तसल्याच गोळ्या घेत होती, सर म्हणाले म्हणून.

श्रम केले की शरीरात 'फ्री रॅडिकल्स' नावाचे घटक वाढतात. 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वं त्यांना आवर घालतात, म्हणून खेळाडूंना या गोळ्या सुचवल्या जातात. पण व्यायामाचे फायदे अंगी लागावेत यासाठीचा निरोपही हेच घटक शरीराला देतात. जर्मनीतला २००९ सालचा एक अभ्यास आहे. चार आठवडे व्यायाम, आणि काहींना सोबत रोज १००० मिलिग्रॅम 'क' व ४०० युनिट 'ई'. व्यायामाने शरीर इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं; गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दिसलाच नाही. हा अभ्यास खूप गाजला. त्यातले सगळे तरुण पुरुष होते!

बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन प्रयोगशाळेत या जीवनसत्त्वांसारखंच काम करताना दिसतं. पाळीच्या चक्रात ते चढतं-उतरतं, पाळी गेल्यावर घटतं. मग गोळ्यांचा परिणाम दोघांवर सारखाच, हे कशावरून? तपासायला हवं. पण पाळीमुळे हिशेब गुंतागुंतीचा होतो, या सबबीखाली बाईला वगळण्याची रीत जुनी आहे. २०१४ ते २०२० या काळात क्रीडाविज्ञानाच्या सहा नियतकालिकांत आलेले अभ्यास तपासले गेले, तेव्हा सहभागींमध्ये स्त्रिया ३४ टक्के निघाल्या. फक्त स्त्रियांवरचे अभ्यास अवघे ६ टक्के. आणि ताईच्या धुण्याभांड्यांना तर व्यायाम म्हणून कोणी मोजतही नाही.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ताईचं हिमोग्लोबिन मात्र कुणी तपासलंच नव्हतं. 'क' जीवनसत्त्व तिला हवंच, भाजीभाकरीतलं लोह अंगी लागावं म्हणून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला ते दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतं. जेवणात आवळा, लिंबू, नाहीतर पेरू असला तरी भागतं.

पुढच्या बैठकीला ताई रक्ताचा रिपोर्ट घेऊन येणार आहे. मुलीने सरांना विचारलं, या गोळ्या मुलींवर तपासल्यात का? सर म्हणाले, बघून सांगतो.