‘५० टक्क्यांची फिल्म चालते’ असं दुकानदार सांगतो, पण कायदा काय म्हणतो?

एप्रिल-मे महिन्यात जाफराबादहून भोकरदन किंवा जालन्याला दुपारी गाडीने निघालात, तर एसी लावूनही खिडकीकडचा हात भाजतो. मराठवाड्यात पारा चाळिशी पार करतो, तेव्हा काचेला फिल्म लावायचा विचार मनात येणं साहजिक आहे. दुकानात गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘साहेब, ५० टक्क्यांची लावा, कायद्यात बसते.’

ती खरंच बसते का?

नियम नेमका काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० काचांबद्दल आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असं तो सांगतो.

२७ एप्रिल २०१२ रोजी ‘अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. काळ्या काचांच्या गाड्या गुन्ह्यांसाठी वापरल्या जातात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. कोर्टाने म्हटलं की हे ७० आणि ५० टक्के मूळ काचेसाठी आहेत, वरून फिल्म चिकटवण्यासाठी नाहीत. ४ मे २०१२ पासून कोणत्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा इतर कोणतंही साहित्य काचेवर लावायला बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमधल्या आदेशात फक्त चलान करून थांबू नका, फिल्मही काढा, असं कोर्टाने बजावलं.

‘मग पुढाऱ्यांच्या गाड्यांचं काय?’ सवलतीचा मार्ग ठेवला तो फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी. नुसतं पद असणं किंवा गाडीवर पाटी असणं त्यासाठी पुरेसं नाही.

मग केरळचा निकाल काय आहे?

१ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये बदल झाला. ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात धरली गेली. याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की मानकात बसणारी आणि ७०-५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म असेल, तर गाडीमालकाला दंड करता येणार नाही.

दुकानदार म्हणतात त्यात तथ्य आहे ते इतकंच. पण हा निकाल केरळच्या हायकोर्टाचा आहे. महाराष्ट्रात त्याचा दाखला देता येतो, पण तो इथे बंधनकारक नाही. जालना जिल्ह्यात गाडी अडवली गेली, तर मोबाईलवर केरळची बातमी दाखवून चलान टळेल याची खात्री नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय फिल्म काढली गेली तर तिचे पैसेही पाण्यात.

५० टक्क्यांचा हिशोब कुठे चुकतो?

केरळचा निकाल इथे लागू आहे असं धरलं, तरी ‘५० टक्क्यांची फिल्म’ त्यात बसत नाही. कारण मोजला जातो तो काच आणि फिल्म या दोन्हींतून मिळून जाणारा उजेड.

समजा, कंपनीची काच ७५ टक्के उजेड आत सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली की ७५ चे निम्मे, म्हणजे ३७.५ टक्केच उजेड उरतो. ७० टक्क्यांची फिल्म लावली तर सुमारे ५२.५ टक्के, म्हणजे जेमतेम मर्यादेत. पाकिटावरचा आकडा फक्त फिल्मचा असतो, हे ग्राहकाला क्वचितच सांगितलं जातं.

काळी म्हणजे थंड?

तसंही नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. स्वस्त काळी फिल्म मुख्यतः उजेड अडवते. चांगली सिरॅमिक फिल्म जवळपास पारदर्शक असूनही उष्णता जास्त रोखते. काळ्या काचेचा त्रास मात्र रात्री जाणवतो. मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर, कडेने चालणारा माणूस किंवा आरशातली दुचाकी उशिरा दिसते.

पॉवर विंडो असेल तर

फिल्म लावताना काचेवर साबणाचं पाणी मारतात. ते दारात उतरतं आणि खिडकीच्या बटणांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून बटणं आधी झाकून घ्यायला सांगा. फिल्म पूर्ण सुकेपर्यंत तीन-चार दिवस काच खाली करायची नसते. ‘वन टच’ खिडकीत चुकून एकदा बटण दाबलं तरी काच पूर्ण खाली जाते आणि ओली फिल्म रबराला घासून सुटते. त्यामुळे ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉक दाबून ठेवा आणि ड्रायव्हरच्या स्वतःच्या बटणावर चिकटपट्टी लावा. रबराच्या खाचेत धूळ असेल तर प्रत्येक वर-खाली होण्यात फिल्मवर ओरखडे पडतात.

मग करायचं काय?

आज महाराष्ट्रात चलानाची भीती नको असेल, तर फिल्म न लावणं हाच सुरक्षित मार्ग आहे. नवी गाडी घेताना कंपनीकडूनच हिरवट, अतिनील किरण रोखणारी काच मिळते का ते विचारा. गाडी उभी असताना समोरच्या काचेला चकाकणारा पडदा लावा आणि निघताना काढा. निघण्याआधी चारही काचा मिनिटभर खाली करा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाईल आणि एसी लवकर लागेल. तरीही फिल्म लावायचीच असेल, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या काचेसकट किती टक्के?’ आणि उत्तर बिलावर लिहून मागा.