माझ्याच एका बातमीचा खुलासा

पोस्ट जरा लांब आहे. पण चूक माझी आहे, त्यामुळे सविस्तर लिहितोय.

मागच्या महिन्यात मी एक बातमी केली होती. 'भाजल्या-कापल्याचा व्रण आता राहणार नाही!' चार कॉलम, वर फोटो. मोबाईलवर फिरत आलेल्या इंग्रजी मजकुरावरून अर्ध्या तासात लिहिली. लाईक, शेअर भरपूर झाले.

परवा कुंडल स्टँडवर चहा घेत होतो. एक ताई कात्रण घेऊन आल्या, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. लहानपणी आंघोळीचं कढत पाणी हातावर सांडलेलं. उजव्या हाताची दोन बोटं आत ओढली गेलीत, सरळ होत नाहीत. ताई म्हणाल्या, "दादा, ह्ये औषध सांगलीत मिळतंय का मिरजेला जावं लागंल? डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत्यात. पर तुमची बातमी वाचली आन् म्हटलं, थांबू जरा."

थांबू जरा! माझ्या चार कॉलमांनी एवढं काम केलं होतं.

घरी येऊन मूळ संशोधन काय आहे ते शोधलं. आधी शोधायला पाहिजे होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मायकेल लाँगेकर यांच्या गटानं २०२१ साली 'सायन्स'मध्ये ते छापलं. म्हणजे माझी 'ताजी' बातमीसुद्धा शिळी. काम मात्र खरोखर भारी आहे. जखम भरताना कातडीला ताण बसतो. त्या ताणामुळं काही पेशींतलं 'एनग्रेल्ड-१' नावाचं जनुक जागं होतं आणि त्या पेशी घट्ट, बिनकेसांचा व्रण विणतात. डोळ्यांच्या आजारात आधीपासून वापरात असलेलं व्हर्टेपॉर्फिन हे औषध त्यांनी जखमेत टोचलं, ताणाचा निरोप मधेच अडवला. तिथं केस आले, ग्रंथी आल्या, कातडी मूळच्यासारखी झाली.

पण कुणाची? उंदरांची. आणि जखम ताजी होती. वर्षानुवर्षांच्या जुन्या व्रणावर तो प्रयोगच नव्हता. 'उंदीर' हा शब्द माझ्या बातमीत होता, शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथपर्यंत कोण वाचतं? पत्रकारितेच्या डिप्लोमात उलटा पिरॅमिड शिकलो, महत्त्वाचं वर लिहायचं. मग उंदीर खाली कसा गेला? कारण वर ठेवला असता तर बातमी चार कॉलम झाली नसती. खरं कारण एवढंच.

जखमेच्या बाबतीत आपला सांगली जिल्हा आधीच हळवा. हळदीचं मार्केट आपलं. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरनं ते लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमान आहेच. पण पेटंट रद्द झालं ते 'ही माहिती नवी नाही, भारतात जुनीच आहे' या मुद्द्यावर. हळदीनं कसलीही जखम बरी होते असा निकाल तिथं कुणी दिला नव्हता. तरी आजही भाजल्यावर हळद आणि शुगरच्या पायाला पाला बांधून लोक दिवस घालवतात. भाजलं की आधी वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी आणि मग दवाखाना. हे छापायला एक कॉलमही लागत नाही.

आता चूक दुरुस्त कशी करतात ते बघा. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली आणि फोटो अंधुक यायला लागले. २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉननं जास्त सपाट घासली गेली होती, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. नासानं दोनच महिन्यांत जगासमोर चूक सांगितली, नेमकी किती ते मोजलं आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून दुरुस्त केलं. आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेनं कॅलटेकबरोबर रोबो-एओ नावाची यंत्रणा केली. हवेच्या हेलकाव्यानं ताऱ्याचा फोटो थरथरतो. ही यंत्रणा आकाशात लेसर सोडून हवेनं किती बिघाड केला ते मोजते आणि सेकंदाला शेकडो वेळा आरशाचा आकार बदलते. फोटो छान दिसावा म्हणून पदरचं काही घालत नाहीत, बिघडलं तेवढंच काढतात. आम्ही पेपरवाले नेमकं उलटं करतो.

तर ताईंसाठी आणि कात्रण जपून ठेवलेल्या सगळ्यांसाठी. हे औषध व्रणावरचा उपचार म्हणून दुकानात मिळत नाही. भाजून ओढल्या गेलेल्या बोटांसाठी आज खात्रीचा मार्ग म्हणजे प्लास्टिक सर्जनकडची शस्त्रक्रिया. आवळलेली कातडी सोडवतात, गरज पडली तर दुसरीकडची कातडी लावतात. मूल वाढतं तसा व्रण वाढत नाही, म्हणून ओढ आणखी बसते. थांबू नका.

आणि ज्याची बातमी मी वीस वर्षांत एकदाही केली नाही ते त्वचादान. मृत्यूनंतर सहा तासांत मांडीची, पाठीची पातळ वरची कातडी घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते आणि जास्त भाजलेल्या पेशंटला स्वतःची कातडी येईपर्यंत झाकण म्हणून लावतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा पेढ्या आहेत.

पेपरला मी खुलासा पाठवला होता. कालच्या अंकात आलाय. आतल्या पानावर, तीन ओळी. म्हणून ही पोस्ट. ज्यांनी ती बातमी शेअर केली होती, त्यांनी हीपण करा.