उतरवून घेणाऱ्यांची शिरगणती

2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद पडली आणि गावोगावच्या प्राध्यापकांना आपली टिपणे विनामूल्य संकेतस्थळांवर ठेवण्याची सवय लागली. सवय चांगली आहे. परंतु तिच्या पाठोपाठ दुसरीही एक सवय आली आहे. फाइल किती जणांनी उतरवून घेतली तो आकडा पाहायचा, आणि त्यावरून टिपणाची, ते लिहिणाऱ्याची, किंबहुना साऱ्या वाचकवर्गाची किंमत ठरवायची, ही ती सवय होय.

मुळात हा आकडा येतो कोठून? गूगल ड्राइव्हवर सामान्य खातेदाराने सर्वांस खुल्या केलेल्या फाइलीचे किती डाउनलोड झाले, हे त्याला दाखविले जात नाही. म्हणून आखूड दुव्यांचा आडमार्ग शोधला जातो. असा दुवा देणारी सेवा त्यावर किती वेळा बोट टेकले एवढेच मोजते. पुढे फाइल उतरली की मध्येच रेंज गेली, याची तिला वार्ता नसते. जेथे प्रत्यक्ष डाउनलोड मोजले जाते तेथेही मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी मागविली गेली तर एकाच वाचकाच्या अनेक मागण्या नोंदल्या जाऊ शकतात, आणि शोधयंत्रांचे स्वयंचलित फेरफटकेही त्यांत मिसळतात. उलट, मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच इंटरनेट-पत्त्याआडून सोडतात. पत्त्यांवरून वाचक मोजणाऱ्यास शंभर माणसे एकच भासण्याचा संभव असतो. कचेरीतल्या वाचकांना हे चटकन उमगेल. ही जावक नोंदवही आहे. पत्र निघाले एवढेच ती सांगते. येथे तर कधीकधी एकच पत्र तीनदा निघते!

बीडसारख्या जिल्ह्यात हा आकडा विशेष फसवा ठरतो. दुवा चौघे उघडतात, फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप-गटात जाते, तेथून झेरॉक्सच्या दुकानात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती साऱ्या वर्गाच्या हाती असते. यंत्राच्या लेखी वाचक चारच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघालेल्या आईबापांबरोबर गेलेला विद्यार्थी ती सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर उघडतो. त्याची नोंद बीडच्या नावावर होत नाही. मोबाइलच्या पत्त्यावरून गाव ओळखण्याची रीत इतकी ढोबळ आहे, की वडवणी-धारूरचा वाचक घरी बसूनही मुंबई-पुण्याच्या खात्यावर जमा होऊ शकतो. असे आकडे समोर ठेवून उद्या कोणी म्हणाले, की मराठवाड्यातून मागणीच नाही, तर त्याला उत्तर कोणत्या कागदाच्या आधारे देणार? 1984 मध्ये वि. म. दांडेकर यांच्या समितीने विभागांचा अनुशेष मोजला, तेव्हा प्रत्येक क्षेत्राची मोजपट्टी अहवालात मांडलेली होती. म्हणून तिच्याशी वाद तरी घालता आला. संकेतस्थळावरच्या गणकयंत्राशी वाद घालता येत नाही.

यावर असे म्हटले जाईल, की काहीच न मोजण्यापेक्षा हे बरे. अंशतः ते मान्य आहे. एकाच फाइलीचा आकडा एकाच रीतीने महिनोन्‌महिने मोजला, तर चढउताराची दिशा कळते. पण 1975 मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने पतधोरणाच्या संदर्भात दाखविले, की एखाद्या निर्देशकावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्याचा भरवसाच ढळतो. डाउनलोडवर शिक्षकाचे मूल्यमापन ठरू लागले, तर टिपणे सुधारण्याऐवजी दुवे दाबण्याचे आदेश वर्गात सुटतील. ई-साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था पुस्तके फुकट देते आणि ती पुढे पाठविण्यासही मुभा देते. तिचे यश तर नेमके मोजणीबाहेर आहे. अंबाजोगाईस ज्यांची समाधी मानली जाते त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ वर्षाकाठी कितीजण उतरवून घेतील? तेथल्याच दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी तर मुळात एकच. मागणीच्या निकषावर काय ठेवावे हे ठरवायचे, तर या दोहोंना जागा मिळणे कठीण.

शिवाय जागा तरी कोणाची? याहूने जिओसिटीजची बहुतांश दालने 2009 मध्ये बंद केली, तेव्हा असंख्य हौशी लोकांची पाने नाहीशी झाली आणि त्यांवरचे गणकही गेले. फुकटच्या जागेत आकडा दाखविला जातो तो बहुधा जागामालकाच्या जाहिरातींच्या सोयीसाठी. वाचनाची नोंद ठेवणे हा त्याचा धंदा नव्हे.

ब्रिटनमध्ये 1979 च्या कायद्यान्वये ग्रंथालयांतून नेलेल्या पुस्तकांमागे लेखकांना मोबदला ठरला आणि 1984 पासून तो मिळू लागला. निवडक ग्रंथालयांतील देवघेवीवरून अंदाज बांधण्याची ती पद्धत उघड होती. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मंडळाने आणि महाविद्यालयांनी डाउनलोडचा आकडा जेव्हा जेव्हा द्यावा, तेव्हा त्याखाली दोन ओळींत तो कसा मोजला हे लिहावे: पुन्हा केलेल्या मागण्या वगळल्या काय, यंत्रांचे फेरफटके गाळले काय, जिल्हा कशावरून ठरविला. आणि महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने वर्षातून एकदा, कागदावर, विद्यार्थ्यांना विचारावे, की हे टिपण तुमच्यापर्यंत कोणाकडून आले, आणि त्याचे कितवे पान तुम्ही शेवटचे वाचले.