जंतूंची देवाणघेवाण

"डॉक्टर, मागच्या वेळची ती स्ट्राँग कॅप्सूल लिहून द्या. दोन दिवसांत सर्दी गेली होती." दवाखान्यात रोज हे वाक्य ऐकतो. मी नाही म्हटले, तर कॅप्सूल मेडिकलमधून परस्पर घेतली जाते. रुग्ण तुटू नये म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मीही ती लिहून दिली आहे. ती चूक होती.

सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. मग ते मारते कोणाला? आपल्या आतड्यातील निरुपद्रवी जंतूंना. त्यांतले जे औषधाला दाद देत नाहीत, ते उरतात आणि वाढतात. "ते रोग करत नाहीत, मग राहिले तर बिघडले कुठे?" असे कोणी विचारील. मेख इथेच आहे. औषधाला तोंड देणारी जनुके पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले, की एक जंतू या कड्याची नक्कल दुसऱ्याला देतो. दुसरा वेगळ्या जातीचा, रोग करणारा असला तरी ही देवघेव होऊ शकते. शिवाय एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात.

जपानमध्ये १९५९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आतड्यातील ई. कोलाय जंतू ही शक्ती रक्ती आवेच्या जंतूंना देऊ शकतात. २०१६ साली पाकिस्तानच्या सिंध प्रांतात टायफॉइडची साथ सुरू झाली. तेथील जंतू जुन्या औषधांनाच नव्हे, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या इंजेक्शनलाही दाद देईनात. तपासात त्यांच्यात सापडलेला प्लास्मिड ई. कोलायमध्ये आढळणाऱ्या प्लास्मिडशी मिळताजुळता निघाला. तोंडावाटे घेण्याच्या औषधांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढे कामी येत होते. तेच अ‍ॅझिथ्रोमायसिन आपण साध्या घसादुखीला सर्रास घेतो!

म्हणून विनंती आहे. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजाराला वापरू नका, शेजाऱ्याला देऊ नका. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तरच, सांगितलेल्या मात्रेत आणि तितकेच दिवस घ्या. पाणी उकळून प्या, जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. जो आजार झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. आणि ताप-सर्दीला मी नुसती पॅरासिटामॉल आणि विश्रांती लिहून दिली, तर कृपया रागावू नका. मात्र ताप तीन दिवसांत उतरला नाही, किंवा त्याआधीच धाप लागली वा ग्लानी आली, तर पुन्हा दाखवायला जरूर या.