खोटं हसणं पुरे!

दिवाळीला लेक-जावई आले होते. फराळाला सगळे बसलेले असताना दुसरीतल्या नातीने विचारलं, ''सिक्स सेव्हनला का घाबरतो?'' कुणालाच उत्तर येईना. मग तीच म्हणाली, ''कारण सेव्हन एट नाइन!'' सगळे खो खो हसले. मीही हसले. कशाला हसले, ते देवालाच ठाऊक!

मैत्रिणींनो, हे खोटं हसणं तुमच्याही ओळखीचं असेल. भिशीत कुणी मोबाइलवरचा इंग्रजी जोक वाचते, बाकीच्या हसतात म्हणून आपणही हसतो. मनात मात्र धाकधूक, कुणी अर्थ विचारला तर? आणि या आपल्यालाच तर हसत नाहीत ना?

रात्री नात कुशीत शिरली, तेव्हा धीर करून विचारलंच. ''अगं आजी, एट म्हणजे आठ आणि एट म्हणजे खाल्लं पण! सेव्हनने नाइनला खाऊन टाकलं!'' मी कपाळावर हात मारला. 'ईट, एट, ईटन' तर मी शाळेत घोकून पाठ केलं होतं! म्हणजे शब्द येत होता, तरी विनोद निसटला. का? तर दोन्हींचं स्पेलिंग वेगळं. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमचं पाचवीपासून, तेही फळ्यावरचं बघून. आम्ही इंग्रजी डोळ्यांनी शिकलो आणि ही कोटी पकडायची असते कानाने!

मग मीही तिला ऐकवलं, ''सासरी मान मिळेल म्हणाले होते, मिळाली ती मानदुखी!'' ती नुसतीच बघत राहिली. ''आजी, एक्स्प्लेन कर ना!'' बघा, फाडफाड इंग्रजी बोलणारी पोर मराठी कोटीपाशी अडली. पण तिला त्याची लाज नव्हती. तिने सरळ विचारलं. मग आपणच का स्वतःला अडाणी ठरवायचं? लग्नात उखाण्यात यमक जुळवणाऱ्या, भाजीवालीच्या टोमण्याला तिथल्या तिथे उत्तर देणाऱ्या बायका आपण. शब्दांशी खेळायचं आपल्याला कुणी शिकवायला नको. अडतो तो फक्त एखादा शब्द.

तेव्हा विनोद कळला नाही, तर एकच विचारा, ''यातल्या कुठल्या शब्दाचे दोन अर्थ आहेत?'' चार चाकं आणि फ्लाइज, असं काय? उत्तर, कचऱ्याची गाडी. फ्लाइज म्हणजे उडते, आणि फ्लाइज म्हणजे माश्याही! दारात येणारी घंटागाडी आठवा, शब्द कायमचा लक्षात राहील. समजावून सांगितलेल्या विनोदाला हसू थोडं कमी येतं, हे खरं. पण एक शब्द पदरात पडतो, तो आपला.

आणि घरच्यांनाही सांगणं आहे. 'तुला नाही कळणार' हे वाक्य फार लागतं हो. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मध्ये घरच्यांच्या थट्टेने दुखावलेली श्रीदेवी बघून आपण डोळे पुसले, ते उगीच नाही. आईला, बायकोला, सासूला जोक समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती द्या.

माझं म्हणाल तर हल्ली मी आधी विचारते, मगच हसते. उशिरा हसते, पण खरं हसते!