सूप डोंगरात ओतू नका

दक्षिण कोरियातला सर्वांत उंच डोंगर मुख्य भूमीवर नाही, जेजू बेटावर आहे. नाव हल्लासान, उंची १,९४७ मीटर. जुना ज्वालामुखी, माथ्यावर विवरातले तळे आणि बाराही महिने ट्रेकर्सची रीघ. माथ्यावर जाणाऱ्या वाटा दोनच. २०२१ पासून माथा गाठायला आगाऊ नोंदणी लागते: सोंगपानाककडून दिवसाला १,०००, क्वानुमसाकडून ५०० माणसे. वरच्या निवाऱ्याशी ठरल्या वेळेत पोचले नाही, तर तिथूनच माघारी. विमानाचे तिकीट काढून आलेल्यांना हे जाचक वाटते. पण नियम योग्य आहे.

या डोंगराने खरी बंदी पाहिली आहे. बेटावर बंड चालू असताना, ऑक्टोबर १९४८ मध्ये, किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपलीकडे आढळणाऱ्याला बंडखोर समजू, असे सैन्याने जाहीर केले. मग उतारावरची गावे जाळली गेली, हजारो माणसे मारली गेली. डोंगर पुन्हा खुला झाला तो १९५४ च्या सप्टेंबरात. इतके सोसून परत मिळालेल्या डोंगरासाठी जेजूने चार अटी घातल्या, तर पाहुण्यांनी कुरकुर करू नये.

खरी अडचण अटी नाहीत तिथे आहे. सुमारे १,७०० मीटरवरच्या वित्से ओरुमला येणाऱ्या वाटा माथ्यापर्यंत जात नाहीत, म्हणून नोंदणीही नाही. थर्मासातले गरम पाणी कपातल्या राम्योन नूडल्सवर ओतायचे, झाकण दाबून तीन मिनिटे धरायचे आणि वाऱ्यात कुडकुडत नूडल्स ओरपायचे, हा इथला रिवाजच झाला आहे. नूडल्स संपतात, तळाशी तिखट-खारट सूप उरते आणि ते जमिनीवर ओतले जाते. तिथून ते मीठ झऱ्यांत उतरते आणि गोड्या पाण्यातल्या जिवांच्या मुळावर येते. २०२४ मध्ये हल्लासान राष्ट्रीय उद्यानाने सुपासाठी पिंपे ठेवली, मसाला अर्धा आणि पाणीही अर्धेच घाला, अशी विनवणी केली. राष्ट्रीय उद्यानाला एवढ्यासाठी विनवणी करावी लागते, याची लाज वाटायला हवी.

याच उतारांवर कोरियन फरचे मोठे जंगल आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट विल्सनने १९२० मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिले. पुढे ते युरोपातल्या बागांत आणि नाताळाचे झाड म्हणून घरांतही पोचले. मूळ डोंगरावर मात्र ते उभ्या उभ्या वाळत आहे, पांढरे पडलेले बुंधे वाटेवरूनही दिसतात. वाढती उष्णता, वादळे, घटलेला बर्फ यांपुढे एकट्या ट्रेकरचे काही चालत नाही. कपातल्या सुपाचे तसे नाही. ते पिऊन टाकता येते, नाहीतर थर्मासात भरून खाली नेता येते.

उद्यानाने आता वित्से ओरुमच्या वाटांनाही नोंदणी लावावी. लोक नाराज होतील, होऊ द्यावे.