धरणारा ठाऊक, घडवणारा कोण?

आजऱ्याच्या माणसाला कर्ण परका नाही. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत आमच्या आजऱ्याचे. १९४० साली ते इथे जन्मले आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीने कर्णाला मराठी घराघरात हक्काची जागा मिळवून दिली. त्यामुळे कर्णाची कवचकुंडले, त्याला मिळालेले शाप, रुतलेले चाक यांवर आमच्याकडे कोणीही तासभर बोलू शकतो. पण कर्णाच्या हातातले धनुष्य कोणी केले होते, असे विचारले की सभा गप्प होते.

खरे तर महाभारताने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्या धनुष्याचे नाव ‘विजय’. विश्वकर्म्याने ते इंद्रासाठी घडवले, इंद्राकडून ते परशुरामाकडे आले आणि परशुरामाने ते कर्णाला दिले. जनकाच्या घरी रामाने मोडलेले शिवधनुष्यही विश्वकर्म्याच्याच हातचे, असे वाल्मीकी सांगतात. म्हणजे शस्त्र कोणी धरले याबरोबर ते कोणी घडवले हे सांगणेही पुराणकारांना आवश्यक वाटत होते. घडवणारा देव होता म्हणून त्याचे नाव राहिले. माणसांनी घडवलेल्या धनुष्यांची वेळ आली तेव्हा मात्र आपण लिहिणे सोडून दिले.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे तालुक्यातल्या एका जुन्या घरात पाहायला मिळालेले धनुष्य. जुनी शस्त्रे पाहण्याचा मला नाद आहे, हे ठाऊक असल्याने त्या मंडळींनी निरोप धाडला होता. माळ्यावरची अडगळ काढताना कापडात गुंडाळलेले ते सापडले. घरातल्या आजोबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुठल्या सरदाराचं असंल हो हे?” नातवाने विचारले, “किती रुपयांचं असेल?” सुनेने विचारले, “हे उलटं कसं वाकलंय? मोडलंय का?” तिघांत मला सुनेचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण घडवणाऱ्याकडे जाण्याची वाट त्या प्रश्नातूनच निघते.

ते मोडलेले नव्हते. आपण लहानपणी वेळूच्या कांबीला सुतळी बांधून तिरकामठा करतो. त्याची दोरी सोडली की कांब सरळ होते. या जुन्या धनुष्यांचे तसे नसते. दोरी उतरली की त्यांचे दोन्ही बाहू विरुद्ध दिशेला वळतात. हिंदुस्थानी धनुष्ये तर खेकड्याच्या आकड्यांसारखी इतकी वळतात की इंग्रज अभ्यासकांनी त्यांना ‘खेकडा धनुष्य’ असेच नाव दिले. अनेक घरांत आणि क्वचित प्रदर्शनांतही ती उलटी दोरी बांधून टांगलेली दिसतात. कोणी उत्साहाने त्या उलट्या बाजूने ती ओढू गेला, तर दोनतीनशे वर्षांची वस्तू एका क्षणात तडकते.

अशा धनुष्याच्या पोटात तीन निरनिराळ्या वस्तू असतात. मधे लाकडाचा गाभा. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या. पलीकडच्या बाजूला कंडरा, म्हणजे जनावराचे स्नायू हाडाला बांधून ठेवणारे चिवट पांढरे दोर. ते वाळवून, कुटून, त्यांचे तंतू विंचरून सरसात भिजवायचे आणि थरावर थर बसवायचे. धनुष्य ओढले की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. दाब सोसण्यात शिंग पटाईत, ताण सोसण्यात कंडरा. दोघांची गाठ सरसाने घालून द्यायची, ही त्या कारागिराची विद्या. प्रत्येक थर वाळायला वेळ द्यावा लागे, म्हणून एक धनुष्य पुरे व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागे. विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात. हा शब्द शृंगावरून आला, म्हणजे ‘शिंगाचे’. आपण मुलांची नावे शार्ङ्गधर ठेवतो, पण त्या नावात एक कारखाना दडला आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

मग आजोबांच्या धनुष्याचा कर्ता कसा ओळखायचा? आधी नाव शोधायचे. मुठीवर, बाहूंच्या टोकांशी, नक्षीच्या पट्ट्यांत. तुर्की धनुष्यांवर पुष्कळदा कारागिराची सही आणि साल असते. आपल्याकडच्या बहुतेकांवर ते नसते. या धनुष्यावरही नव्हते. तेव्हा नावाऐवजी हात वाचायचा. बाहू रुंद की अरुंद, मूठ गोलसर की चपटी, टोकांना दोरी अडकवण्याची खाच कशी कापली आहे, वरचे आच्छादन पातळ चामड्याचे की सालीचे, लाखेच्या रंगात फुले कोणत्या वळणाची. अक्षरावरून जसा लिहिणारा ओळखावा, तसा या खुणांवरून प्रदेश, काळ आणि कारागिरांचे घराणे यांच्यापर्यंत पोचता येते.

त्या लाखेच्या फुलांवरून कच्छची आठवण येते. तिथे भिंतीवरच्या चित्रांची एक जुनी शैली आहे, तिला कामानगरी चित्रे म्हणतात. कमानगर म्हणजे कमान, अर्थात धनुष्य, करणारा. ही मंडळी मूळची धनुष्य घडवणारी आणि रंगवणारी. बंदुकीने धनुष्याचा धंदा बसवला, तेव्हा हातातला कुंचला घेऊन ती भिंतींकडे वळली. धंदा गेला, पण धंद्याचे नाव कलेला चिकटून राहिले. मराठीतही ‘कमान’ हा शब्द उरला तो दारावरच्या कमानीत आणि ट्रकच्या कमानपाट्यात. कमान करणारा माणूस मात्र आपल्या बोलण्यातून पार नाहीसा झाला.

आमच्याकडच्या हवेचाही यात वाटा आहे. सरस ओल धरतो. आजऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे पाऊस लागला की भिंतींना ओल येते आणि पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते, तिथे शिंगाचे धनुष्य राखणे हे लहान मूल सांभाळण्यासारखे काम. हिंदुस्थानातल्या लोहारांनी यावर तोड काढली आणि पोलादाची धनुष्ये घडवली. बाण फेकण्यात ती शिंगाच्या धनुष्याची बरोबरी करू शकत नव्हती, पण वर्षानुवर्षे शस्त्रागारात टांगली तरी कुजत नव्हती. काहींची मूठ मधे पेचाने उघडून दोन तुकडे करता येतात. हा सुटा होणारा सांधा ज्याला सुचला, त्या लोहाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आता जरा अलीकडे येऊ. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे उसनी म्हणून साताऱ्याला आली. ती शिवछत्रपतींचीच का, यावर महाराष्ट्रात केवढा वाद झाला! वाद होणे रास्तच होते. परंतु ती कोणत्या लोहाराच्या भट्टीतली, हा प्रश्न त्या गदारोळात कानावर आला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते युरोपात घडलेले, आणि त्यावर सोन्याने देवनागरीत नाव आहे ते मालकाचे. पाते घडवणारा अनामिक. आपल्या इतिहासात वस्तूला मालक असतो, कर्ता नसतो.

याला आपली गावगाड्याची सवय कारण आहे, असे मला वाटते. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, चांभार, कुंभार होते. काम सुताराने केले, एवढे म्हटले की पुरे. कोणत्या सुताराने, हे विचारायचे कारणच नाही. धंद्याला नाव होते, माणसाला नव्हते. जात मात्र त्याच्या कपाळावर पक्की लिहिली होती. म्हणून कर्त्याचे नाव शोधणे हा नुसता छंद नव्हे. ज्याला आपण शतकानुशतके जातीने हाक मारली, त्याला नावाने हाक मारणे आहे.

कोणी म्हणेल, हा उपद्व्याप कशाला? मेलेल्या कारागिराला आता काय मिळणार? त्याला काही मिळणार नाही. पण जिवंत असलेल्याला मिळते. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरवल्या. इथून ओरड झाली, आणि मग कंपनीला हे वळण भारतीय कारागिरांचे असल्याचे मान्य करावे लागले. ती ओरड कशाच्या बळावर झाली? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात कागदोपत्री नोंदले गेले होते. आमच्या आजरा घनसाळ तांदळालाही असे मानांकन आहे. ज्याची नोंद असते, त्याला भांडता येते. शिंगाचे धनुष्य करणाऱ्यांसाठी भांडायला आपल्यापाशी कागदच नाही.

नोंद ठेवणाऱ्या देशांत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. तुर्कस्तानात १८३६ साली, धनुष्याचा युद्धातला काळ संपत आला असताना, मुस्तफा कानी याने सुलतानाच्या आज्ञेवरून तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे पुढे १९३४ साली पॉल क्लोपस्टेग या अमेरिकन पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञाने तुर्की धनुष्याची रचना जगाला उलगडून सांगितली. कोरियाने १९७१ साली धनुष्यबाण घडवण्याच्या विद्येला राष्ट्रीय वारसा ठरवले आणि ती जाणणाऱ्या कारागिरांना नावानिशी मान दिला. त्याच कोरियाच्या महिला संघाने १९८८ पासून २०२४ पर्यंत ऑलिंपिकचे सांघिक सुवर्ण एकदाही सोडलेले नाही. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणणार नाही. परंतु धनुष्य घडवणाऱ्याचा मान आणि धनुष्य धरणाऱ्याचा मान त्या देशात एकत्र नांदतो, एवढे खरे.

आपल्याकडेही नेम धरणारे कमी नाहीत. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. आजच्या खेळाडूच्या धनुष्यावर कंपनीचे नाव, लांबी, ओढण्याचे वजन सारे छापलेले असते. कोणाकडे परदेशातून आलेले साठ-सत्तर सालचे फायबरग्लासचे धनुष्य असेल, तर त्याचाही माग लागतो. अमेरिकेतल्या फ्रेड बेअर यांचा प्रसिद्ध कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी होता, तो १९७८ साली फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिलला गेला. धनुष्यावर ‘ग्रेलिंग’ असेल तर ते बहुधा त्याआधीचे, एवढे एका शब्दावरून कळते. गावाचे नाव लिहिण्याची ही किंमत.

म्हणून माझे सांगणे दोन प्रकारचे आहे. पहिले संग्रहालयांना. तुमच्या पाट्यांवर वस्तूचे नाव, काळ आणि मालक असतो. त्याखाली ‘घडवणारा’ अशी एक ओळ असू द्या. नाव ठाऊक नसेल तर प्रदेश लिहा, तोही नसेल तर जागा कोरी सोडा. कोरी जागा पाहून एखादा विद्यार्थी शोधायला निघेल.

दुसरे घरच्या मंडळींना. जुने धनुष्य सापडले तर त्याला दोरी चढवू नका, तेल-व्हॉर्निश लावू नका, उन्हात आणि चुलीवरच्या धुरात ठेवू नका. भंगारवाल्याला तर देऊच नका. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही. चारी बाजूंनी फोटो काढा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ती कुठून आली ते विचारून लिहून ठेवा.

आणि धनुष्य नसेल त्यांनीही वही उघडायला हरकत नाही. आमच्याकडे भाताच्या रोपलावणीला बायका डोक्यावर बांबूची इरली घेत. आता तिथे प्लॅस्टिकचा कागद आला. इरले विणणारे हात म्हातारे झाले आहेत, आणि धनुष्याचे जे झाले तेच इरल्याचे होणार हे डोळ्यांसमोर दिसते आहे. फरक इतकाच की धनुष्य करणाऱ्याला विचारायला आपण दोनशे वर्षे उशिरा जन्मलो. इरले करणारा अजून बाजारात सूप-टोपल्या मांडून बसतो. येत्या बाजारी त्याच्याकडून सूप घ्याल, तेव्हा भाव करण्याआधी त्याचे नाव विचारा.